रसशाळेतील हात आणि आपली जबाबदारी



काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. दोन्ही हातांना कंप, रात्री झोप नाही, लहानसहान कारणावरून चिडचिड, हिरड्या सुजलेल्या आणि तोंडास सारखी लाळ. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठाची चौकशी केली आणि कंपवात असे निदान करून चिकित्सा सुरू केली. तीन महिने उलटले, परंतु उपशय दिसेना. एके दिवशी त्यांच्या सौभाग्यवती सोबत आल्या आणि सहज बोलून गेल्या, "वैद्यराज, मागे गुडघा दुखावला म्हणून हे चार महिने घरी बसून होते, तेव्हा हात पुष्कळ स्थिर झाला होता. कारखान्यात जाऊ लागले आणि पुन्हा सुरू झाले."

कारखाना कसला, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी प्रथमच विचारला. उत्तर ऐकून आम्ही निरुत्तर झालो. ते गृहस्थ एका आयुर्वेदीय फार्मसीत एकवीस वर्षे खलावर बसून कज्जली घोटत होते. त्याच फार्मसीची औषधे आमच्या कपाटात होती. पुढे मूत्रपरीक्षेत पाऱ्याचे प्रमाण वाढलेले आढळले. आम्ही त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठविले, काम सुटले, आणि वर्षभराने ते पुन्हा नीट सही करू लागले. मात्र त्यांनी आम्हास एक विनंती केली होती : "मालकांना सांगू नका, घरातले दुसरे कोणी तिथेच लागायचे आहे." मालक आमच्या परिचयाचे होते. आम्ही सांगितले नाही. काही महिन्यांनी कळले की त्या खलावर त्यांचाच पुतण्या बसू लागला आहे.

ही हकिकत आम्ही कोणा निर्मात्यावर दोषारोप करण्यासाठी सांगत नाही. दोष प्रथम आमचा आहे. हेतूचा विचार केल्यावाचून व्याधीचे ज्ञान होत नाही असे शिष्यांना शिकविणाऱ्या आम्हाला रुग्णाचा व्यवसाय विचारावयाचे सुचले नाही, आणि कळल्यावर बोलण्याचे धैर्य झाले नाही. म्हणूनच आमच्या औषधनिर्मितीशाळांत व प्रयोगशाळांत काम करणाऱ्या सेवकवर्गाच्या सुरक्षिततेविषयी या पानांवर स्पष्टपणे लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

आपण कोणाची शुद्धी पाहतो?

पनवेल येथे १८७२ मध्ये धूतपापेश्वरची स्थापना झाली. तेव्हापासून पाहिले तर महाराष्ट्रातील संघटित आयुर्वेदीय औषधनिर्मितीस दीडशे वर्षे होऊन गेली. या काळात औषधाच्या गुणवत्तेविषयी आपण बरेच जागरूक झालो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 'टी' परिशिष्ट, म्हणजे उत्तम निर्मिती पद्धतीचे नियम, जून २००० मध्ये आले व मार्च २००३ मध्ये सुधारले गेले. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील वैद्यक नियतकालिकात बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि एकच गदारोळ उठला. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधी कल्पांची जड धातूंसाठी तपासणी अनिवार्य झाली. शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या मर्यादा आता आपल्या प्रत्येक निर्मात्यास मुखोद्गत आहेत.

हे सर्व योग्यच झाले. परंतु या सर्व नियमांच्या केंद्रस्थानी औषध आहे, औषध घेणारा रुग्ण आहे. औषध करणारा माणूस त्यात ओझरता येतो. 'टी' परिशिष्टात सेवकांची नियुक्तीच्या वेळी आणि पुढे वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, पण तिचा विशेष रोख संसर्गजन्य रोग नाही ना, हे पाहण्यावर आहे. याचा सरळ अर्थ असा की सेवकापासून औषधास बाधा होऊ नये याची काळजी नियमाने घेतली आहे. औषधापासून सेवकास बाधा होऊ नये, ही काळजी निर्मात्याच्या विवेकावर सोपविली आहे. बहुतेक ठिकाणी या तपासणीचे स्वरूप काय असते, हे आपण सर्व जाणतो. एका सकाळी वजन, रक्तदाब आणि छातीचे आलेखन होते, प्रमाणपत्रावर सही होते आणि फाइल बंद होते. खलावर बसणाऱ्याच्या मूत्रातील पारा वा नागभस्म करणाऱ्याच्या रक्तातील शिसे तपासल्याचे आम्हास क्वचितच आढळले आहे.

खलापासून कूपीपर्यंत

पाऱ्याच्या बाबतीत एक गैरसमज आपल्यात खोलवर रुजला आहे. पारा पोटात गेला तरच बाधतो, असे अनेक सेवक आणि काही मालकही समजतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धातुरूप पारा गिळला तर आतड्यांतून त्याचे शोषण अत्यल्प होते. त्याची वाफ श्वासावाटे गेली तर मात्र सुमारे ऐंशी टक्के भाग शरीरात राहतो आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. या वाफेस रंग नाही, वास नाही, घशाला ती खवखवत नाही. म्हणूनच ती फसविते.

पाऱ्याची वाफ होण्यास भट्टी लागत नाही. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या बंद खोलीत हवा पाऱ्याच्या वाफेने संपृक्त झाली तर एका घनमीटरात सुमारे १४ मिलिग्रॅम पारा असतो. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने आठ तासांच्या कामासाठी सुचविलेली मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे हे प्रमाण मर्यादेच्या पाचशे पटींहून अधिक झाले. तापमान दहा अंशांनी वाढले की वाफेचे प्रमाण साधारण दुप्पट होते. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात पत्र्याच्या छपराखाली, वारा लागून चूर्ण उडू नये म्हणून खिडक्या लावून कज्जली घोटली जाते, तेव्हा त्या खोलीत काय चालले असेल याची कल्पना करावी. गंधकाशी संयोग पूर्ण होऊन कज्जली निश्चंद्र होईपर्यंतचे तास सर्वाधिक धोक्याचे असतात, आणि नेमके त्याच वेळी घोटणाऱ्याचे तोंड खलावर वाकलेले असते. पूर्वी फरशीच्या फटींत सांडलेला पाराही वर्षानुवर्षे हळूहळू वाफ सोडीत राहतो.

कूपीपक्व रसायनांत धोका वेगळ्या प्रकारचा आहे. वालुकायंत्रात रससिंदूर होत असता कूपीच्या गळ्याशी गंधक साचून मार्ग बंद होतो, म्हणून तप्तशलाकेने तो मोकळा करावा लागतो. हे काम करणारा वाकून कूपीच्या मुखात पाहतो, आणि गंधकाचा धूर, पाऱ्याची वाफ व कूपी फुटण्याचा संभव या तिन्हींस एकाच वेळी सामोरा जातो. हरताळ आणि मनशीळ तापविताना आर्सेनिकचा श्वेत धूम निघतो. नाग-वंगाच्या ढालनात वितळलेला धातू द्रवात पडताच उसळतो. या प्रत्येक क्रियेत अनुभवी माणूस सावध असतो हे खरे, पण सावधपणाने अपघात टळतो. वाफ टळत नाही.

काष्ठौषधी निरुपद्रवी नाहीत

आमच्याकडे रसकल्प होत नाहीत, आमच्याकडे फक्त वनस्पती आहेत, असे म्हणून अनेक फार्मसीधारक हा विषय बाजूस सारतात. बिब्बा उतलेला सेवक ज्यांनी पाहिला आहे, ते असे म्हणणार नाहीत. भल्लातकाचे तेल हातावर उडाले की एक-दोन दिवसांनी फोड, दाह आणि शोथ येतो. तोच हात नकळत तोंडाला वा डोळ्यांना लागला तर विचारूच नये. रुईचा चीक डोळ्यात गेला तर आरंभी वेदना फारशी नसते, म्हणून सेवक दुर्लक्ष करतो, आणि काही तासांनी दृष्टी धूसर होते. धोत्र्याचे बी कुटताना डोळा चोळला तर बाहुली विस्फारते. बचनागाचे वा काजऱ्याचे चूर्ण पल्व्हरायझरमधून काढताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. ओठांना झिणझिण्या आल्या म्हणून सेवक पाणी पितो आणि पुन्हा कामाला लागतो. या द्रव्यांच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीत घेण्याची सूचना कायद्याने छापावी लागते. ज्या पोत्यातून ती येतात आणि ज्या डब्यात ती साठविली जातात, त्यांवर मात्र कित्येकदा नावसुद्धा नसते.

आसवारिष्टांच्या संधानगृहाविषयी विशेष सांगावयाचे आहे. संधान चालू असता पेटलेली काडी पात्रात नेली की विझते, ही परीक्षा आपण सर्व जाणतो. परंतु जी हवा काडीला पुरत नाही ती माणसालाही पुरत नाही, हा तिचा दुसरा अर्थ आपण शिकवीत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने मोठ्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. गाळ काढण्यासाठी एक सेवक आत उतरतो, घेरी येऊन पडतो, त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही पडतो. बंद टाक्यांतील अपघात असेच घडतात, आणि वाचवायला गेलेल्याचाही त्यात बळी जातो. काडी जळत राहिली म्हणून टाकी सुरक्षित आहे असेही समजू नये. या वायूचे प्रमाण काडी विझण्याच्या कितीतरी आधीच माणसास घातक होते.

प्रयोगशाळेतील सुशिक्षित निष्काळजीपणा

गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेतील सेवक पदवीधर असतात. त्यांना अनेक धोके पुस्तकातून ठाऊक असतात, पण ठाऊक असणे आणि सवय असणे यांत अंतर आहे. तोंडाने पिपेट ओढणारे हात आम्ही आजही पाहतो. ज्या शीतकपाटात प्रमाणद्रव्ये ठेवतात त्याच शीतकपाटात चहाचे दूध असते. सॉक्सलेट उपकरणात पेट्रोलियम ईथर उकळत असता शेजारच्या ओट्यावर उघडी ज्योत असते.

यात दैवाचा असा खेळ आहे की जड धातूंची तपासणी वाढली तसे या सेवकांचे धोकेही वाढले. नमुना विरघळविण्यासाठी तीव्र नत्राम्ल तापवितात. त्यातून निघणारा तांबूस धूर श्वासात गेल्यास कित्येकदा त्या वेळी नुसता खोकला येतो आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरते. परक्लोरिक आम्ल सेंद्रिय द्रव्याशी संयोग पावून स्फोट करू शकते. ही कामे धूरशोषक कपाटाखेरीज करूच नयेत. पण ते कपाट एक तर नसते, नाही तर त्याचा पंखा बिघडलेला असतो आणि आत जुन्या बाटल्या रचलेल्या असतात. ग्राहकाच्या शरीरात शिशाचा कण जाऊ नये म्हणून जो मुलगा दिवसभर राबतो, त्याच्या फुफ्फुसांत काय जाते याची नोंद कोणाच्याच वहीत नाही.

शास्त्राने हे सांगितलेले नाही काय?

सुरक्षितता ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असा सूर कधी कधी ऐकू येतो. त्यास उत्तर आपल्या ग्रंथांतच आहे. रसरत्नसमुच्चयात रसशाळेची रचना सांगताना अग्निकर्म आग्नेयेस, क्षालन पश्चिमेस, शोषण वायव्येस, अशी कामांची स्थाने वेगवेगळी केली आहेत. आग, पाणी व वाळवण एकत्र करू नये, हा त्यातील व्यवहार आजचा कोणताही तज्ज्ञ मान्य करील. नाग-वंगाच्या ढालनासाठी सच्छिद्र झाकणाचे पिठरयंत्र सांगितले, ते उसळणाऱ्या धातूपासून करणाऱ्यास वाचविण्यासाठीच. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माच्या अध्यायात धूमोपहताची लक्षणे व चिकित्सा आली आहे. म्हणजे श्वासावाटे गेलेला धूर हा व्याधिहेतू आहे, हे आचार्यांना मान्य होते.

आणि चिकित्सेचे चतुष्पाद आपण नित्य शिकवितो. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ बसणारा परिचारक, एवढाच अर्थ आपण धरला. द्रव्याची सेवा करणारा, रात्र-रात्र भट्टीपाशी जागणारा जो सेवक आहे, तोही या पादाचाच अंश आहे असे आमचे नम्र मत आहे. हा पाद लंगडा झाला तर चिकित्सा तीन पायांवर किती काळ उभी राहील?

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की सेवक स्वतःच मास्क लावीत नाहीत. हे खरे आहे. पण भट्टीपाशी बेचाळीस अंशांत तोंडावर जाड पट्टी बांधून आठ तास बसण्याचा प्रयोग मालकाने एकदा स्वतः करून पाहावा. शिवाय धुळीसाठीची साधी पट्टी वा तोंडावरचे फडके पाऱ्याची वाफ मुळीच अडवीत नाही. त्यासाठी निराळे गाळणीयुक्त मुखवटे लागतात. म्हणून आधी हवा शुद्ध करावी, मग क्रिया झाकावी, आणि शेवटी माणसास झाकावे, हा क्रम असला पाहिजे. आपण शेवटचे प्रथम करतो आणि ते जमले नाही की दोष सेवकास देतो. सेवकांची जागरूकता वाढविण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. आमच्या मते जागरूकतेची अधिक गरज मालकास व वैद्यास आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. धूरशोषक पंखे व तपासण्या यांस पैसा लागतो, आणि लहान फार्मसीचा नफा आधीच तुटपुंजा, हे आम्ही नाकारीत नाही. पण खलाखाली काठाचे परात-ताट ठेवणे, सांडलेला पारा केरसुणीने न झाडता थेंब कागदी पट्टीने गोळा करून बंद बाटलीत ठेवणे, उरलेल्या अंशावर गंधकचूर्ण टाकणे, कामाचे कपडे घरी न नेऊ देणे, डब्यांवर विषाची खूण करणे यांस कितीसा खर्च येतो? कामाचे कपडे घरी गेले की पाराही घरी जातो, आणि घरात गर्भिणी व बालके असतात, हे विसरू नये.

तिसरा आक्षेप कायद्याचा. १९४८ चा कारखाने अधिनियम जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता लागू झाली. वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा दहावरून वीस आणि वीज न वापरणाऱ्यासाठी वीसवरून चाळीस झाली. आपल्या बहुसंख्य रसशाळा कारखान्याच्या या व्याख्येबाहेर राहतील. कायद्याचा निरीक्षक येत नाही याचा अर्थ धोका येत नाही असा नव्हे. शिसे, पारा व आर्सेनिक यांची विषबाधा ही जुन्या अधिनियमात कळविण्यायोग्य व्याधी होती आणि नव्या संहितेतही आहे. ती कळविणाऱ्या चिकित्सकाच्या व्याख्येत आपण बसतो की नाही याचा काथ्याकूट करण्यापेक्षा, रुग्ण समोर आला की मालकास सांगावे, हे वैद्याचे कर्तव्य आहे. आम्ही ते एकदा चुकविले आहे.

आता काय करावे?

संघटनेच्या सभासदांपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवू इच्छितो. प्रत्येक फार्मसीने वार्षिक तपासणीत कामानुसार भेद करावा : पाऱ्यावर काम करणाऱ्यांचा मूत्रातील पारा, नागभस्म करणाऱ्यांच्या रक्तातील शिसे, धुळीत काम करणाऱ्यांची श्वसनक्षमता. हा अहवाल कामावरून काढण्याचे कारण होऊ नये. दोष आढळल्यास सेवकास तेवढ्याच वेतनावर दुसरे काम द्यावे. एकदा एकाची नोकरी गेली की बाकीचे सर्व आपला कंप लपवितात, आणि तपासणी व्यर्थ होते. खलावरची कामे पाळीपाळीने द्यावीत. संधानाच्या टाकीत कोणीही एकटा उतरू नये, आणि बाहेरची हवा पंख्याने आत सोडल्याशिवाय व हवेची यंत्राने परीक्षा केल्याशिवाय उतरूच नये. सूचना मराठीत लिहाव्यात, आणि उत्तर भारतातून आलेले सेवक असतील तर हिंदीतही. थोडक्यात टळलेले अपघात एका वहीत लिहावेत आणि लिहिणाऱ्यास बोलणी बसू नयेत.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या १९६६ मधील स्थापनेच्या स्मरणार्थ ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. धन्वंतरी जयंती आपण भक्तिभावाने साजरी करतो. त्याच भावाने या दिवशी प्रत्येक रसशाळेत एक तास काम थांबवून सेवकांचे म्हणणे ऐकावे, अशी आमची सूचना आहे. भाषण मालकाने करू नये, घोटणाऱ्याने करावे.

यात आपला स्वार्थही आहे. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणाऱ्या मिनामाता करारास भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यात पारंपरिक व धार्मिक व्यवहारांतील उत्पादनांस सवलत आहे. ही सवलत परंपरेच्या नावाने मिळाली आहे, पण ती टिकेल आपल्या आचरणाने. रसशास्त्राचे विरोधक उद्या आपले भस्म तपासणार नाहीत, आपल्या घोटणाऱ्याचा हात तपासतील.

शेवटी वैद्यबंधूंना एकच विनंती. उद्या चिकित्सालयात कंप, मुखपाक, अनिद्रा वा अकारण अंगावर पुरळ घेऊन कोणी आला तर नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी विचारावे, "आपण काम कोठे करता, आणि तेथे हात कशात असतात?" आम्ही हा प्रश्न तीन महिने उशिरा विचारला. आमच्या माहितीप्रमाणे तो पुतण्या अजून त्याच खलावर आहे. हा अंक प्रसिद्ध होण्यापूर्वी आम्ही त्या मालकांची भेट मागितली आहे.